थुंकीची सोयरीक

पानठेल्यावर किस्से जमतात, सलूनमध्ये जमतात, पण माणसांची थुंकी गोळा करायचं दुकान असलं ना, की किस्से पोत्यानं येतात! साकोलीच्या बसस्टँडसमोर राजूभाऊचं कलेक्शन सेंटर आहे. रक्त, लघवी, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, आणि आता डीएनए. मी तिथे बसतो. बीएस्सी मधेच सोडलेला पोट्टा साकोलीत दुसरं करणार काय? कॉलेज का सोडलं ते विचारू नका. घरी रोज विचारतात, तेवढं पुरे.

धंदा सोपा आहे. शहरातली एक कंपनी खोकं पाठवते. खोक्यात प्लॅस्टिकची नळी. गिऱ्हाइकाने तिच्यात थुंकायचं, आम्ही झाकण लावून कुरिअर करायचं. मग मोबाईलवर रिपोर्ट येतो. पुढे कोणता आजार होऊ शकतो, पूर्वज कुठले, पोरगं डॉक्टर होईल की नाही, सगळं! डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. 'बाबा, तुला हे कशाला पाहिजे?' असंही कोणी विचारत नाही.

हे चांगलं की वाईट, मला अजून कळलेलं नाही. स्वतःबद्दल जाणून घ्यायला कोणाची परवानगी कशाला, असं सकाळी वाटतं. संध्याकाळपर्यंत वाटतं, सगळी खोकी नेऊन तलावात बुडवावीत. तुम्ही ऐका, आणि तुमचं ठरलं तर मलाही सांगा.

०

सुरुवात घरापासून करतो, कारण बाकीचे किस्से घडत होते तेव्हा आमच्या घरी हेच चालू होतं.

माझी मोठी बहीण शिल्पाताई. कॉलेजात असताना सरकारी तपासणी झाली, त्यात तिचं सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, 'हाफ' निघालं. आमच्या पट्ट्यात हे घरोघरी आहे. हाफवाल्याला स्वतःला काही त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघंही हाफ निघाले, तर एखादं पोर 'फुल' घेऊन जन्मू शकतं. आणि फुलचं पोर म्हणजे हाडं पिळून काढणारं दुखणं, सलाईन, रक्ताच्या पिशव्या. शेजारच्या आळीतला विक्की आम्ही डोळ्यांसमोर जाताना पाहिला.

म्हणून ताईचं एकच म्हणणं. "ज्याच्याशी लग्न करीन, त्याले आधी सांगीन. त्याचं नॉर्मल असलं तं काही अडत नाही. त्याचंही हाफ असलं तं दोघं बसून ठरवू. पण झाकून लग्न करणार नाही."

बाबांचंही एकच म्हणणं. "तोंड उघडलं, की घरातच बसशील!"

अशात लाखनीकडचं स्थळ आलं. मुलगा लाईनमन. मधे आमचा मामा. ते पाहुणे मामीच्या माहेरचे, म्हणजे मामा दोन्हीकडचा. बोलणी रंगात आली आणि मुलाच्या बापाने व्हॉट्सअ‍ॅपवर कुठेतरी वाचून मागणी टाकली. "आपण पत्रिका तं मानत नाही. पण डीएनए करून घेऊ दोघांचं. सायन्स आहे!"

आमच्या आज्याने छप्पन्न साली धम्म घेतला आणि पंचांग घराबाहेर फेकलं. तेव्हापासून आमच्या घरात कोणाची पत्रिका निघाली नाही. ताई बाबांना म्हणाली, "आजानं कागदाची फेकली, तुम्ही थुंकीची काढून राहिले!"

बाबा म्हणाले, "चूप बस. पोट्टा बसते तिथे, म्हणजे घरचंच दुकान आहे."

०

आता दुकानातलं. आमचं पहिलं गिऱ्हाईक एक रिटायर्ड हेडमास्तर. पंचक्रोशीतल्या शाळांमध्ये व्यसनमुक्तीवर भाषण द्यायला यांनाच बोलावतात. मीही ऐकलंय. ऐकता ऐकता मागच्या बाकावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटलाय.

नियम असा, की थुंकण्याआधी अर्धा तास तोंडात काही नको. मी म्हटलं, "सर, चूळ भरा आणि अर्धा तास बसा."

"बाबू, मी काही खातच नाही."

बसले. मी झेरॉक्स काढायला वळलो. परत आलो तर नळी भरलेली. रंग विटकरी! मी झाकण लावलं. ज्यांनी आयुष्यभर आमचे खिसे तपासले, त्यांची नळी मी काय तपासणार?

पुढच्या आठवड्यात कंपनीतून मॅडमचा फोन. "सर, सॅम्पल रिजेक्ट झालंय. आपण फक्त माणसांची टेस्ट करतो. वनस्पतींची नाही."

मी सरांना तसंच सांगितलं. ते ताडकन म्हणाले, "म्हणजे मी शाकाहारी आहे, हे सिद्ध झालं!"

०

एकोडीचे एक काका आले. डोक्याला गमछा, मागे बायको, दोन मुलं, दोन सुना आणि एक नातू. मी खोकी मोजायला लागलो. काकांनी हात वर केला.

"एकच दे."

"काका, माणसं सात आहेत."

"घर एकच आहे ना? सातबारा माह्या नावाचा, राशन कार्ड माह्या नावाचं, घरपट्टी माह्या नावाची. थुंकतो मी. रिपोर्ट साऱ्याईले लागू!"

मी समजावलं. सुनांचं रक्त वेगळ्या घरचं, काकूंचं वेगळ्या घरचं. काका ऐकेनात. "लग्न होऊन आल्या ना? मंग आता आमच्याच झाल्या."

राजूभाऊ तर म्हणे देऊन टाक एक, गिऱ्हाईक जाईल. तेवढ्यात मागून काकू बोलल्या. बहुतेक लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत बोलत असाव्यात, कारण दोन्ही मुलांनी चमकून पाहिलं.

"शुगर मले. गुडघे मले. गोळ्या मी खातो, इंजेक्शन मी घेतो. अन् थुंकायची बारी आली तं मालक तुमी?"

त्या दिवशी त्या घरातून कोणीच थुंकलं नाही. जाताना काका मला म्हणाले, "तुह्या दुकानानं घरं फुटतील, पाहून घेजो."

घरी येऊन ताईला हा किस्सा सांगितला. ती हसली नाही. "आपल्या घरी काय वेगळं चालू आहे?" म्हणाली.

०

सिहोऱ्याहून एक मोठे शेतकरी खास गाडी करून आले. त्यांना आजार-बिजार नको होते. पूर्वज पाहिजे होते! त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की आम्ही इथले नव्हेच. माळव्यातून घोड्यावर आलो, हातात तलवार होती, इथलं जंगल साफ केलं वगैरे. गावात कोणाच्या घरी जेवायला बसले तरी आधी घोडा येतो, मग वरण.

रिपोर्ट आला. नकाशावर रंगाचा एक मोठा गोळा. तो बरोबर इथेच, आपल्या डोक्यावर! गावातल्या सगळ्यांचा असतो तिथेच.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मोबाईल आडवा धरला, उभा धरला. मग हळूच मला म्हणाले, "याच्यात घोडा दिसत नाही काय?"

"नाही दिसत, काका."

"मंग आमचा घोडा थुंकीतून निघेल कोठून? आम्ही थुंकलो, घोडा थोडीच थुंकला!"

हा मुद्दा मला आजपर्यंत खोडता आलेला नाही.

०

सानगडीचे एक मास्तर त्यांच्या पाच वर्षांच्या पोराला घेऊन आले. 'बाल प्रतिभा पॅकेज'. पोरगं पुढे काय होणार ते थुंकीतून कळतं, असं खोक्यावर छापलंय. पोरगं पहिल्यांदा नळीत न थुंकता मास्तरांवर थुंकलं. त्याला तेव्हाच सगळं कळलं होतं, असं माझं मत आहे.

मी मॅडमना फोनवर विचारलं, "मॅडम, हे लेकरू मोठं झालं आणि म्हटलं की मला हे जाणून घ्यायचंच नव्हतं, तर?"

"पालकांची संमती आहे ना सर?"

"थुंकी कोणाची आहे?"

"सर, सिस्टममध्ये तसा कॉलम नाही."

रिपोर्ट आला. संगीत चांगलं, खेळ बरा, गणित कमी. मास्तर गणिताचेच! घरी बायकोशी दोन दिवस बोलले नाहीत, तुझ्याकडून आलं म्हणून. मग पोराची शिकवणी सुरू. जरा चुकलं, की म्हणायचं, "रिपोर्टमध्येच नाही, तुझ्यात येईल कोठून?"

पोरगं पहिलीत गेलं. एक दिवस मास्तर दुकानात हजर, चेहरा पडलेला. "हा रिपोर्ट कॅन्सल होते काय?"

"काय झालं सर?"

"पाढे म्हण म्हटलं, तं म्हणते, 'कायले मेहनत करून राहिले बाबा? माह्यात नाही ते.'"

०

हा पुढचा हसण्यासारखा नाही, तरी सांगतो.

एक काकू आल्या, एकट्या. त्यांची आई छातीच्या कॅन्सरने गेली होती. त्यांना आपलं पाहायचं होतं, घरी कळू न देता. मोबाईल नव्हता, म्हणून भाच्याचा नंबर दिला. भाचा अठरा वर्षांचा शहाणा! रिपोर्ट आल्या आल्या त्याने तो घराच्या ग्रुपवर टाकला. रिपोर्ट इंग्रजीत, वर कंपनीचं रंगीत चिन्ह. ग्रुपवरच्या म्हाताऱ्यांना वाटलं काकू कशात तरी पास झाल्या. अंगठे, फुलं, 'अभिनंदन वहिनी', 'खूप खूप शुभेच्छा'!

काकू भाच्याचा मोबाईल घेऊन धावत दुकानात आल्या. मी वाचलं. लिहिलं होतं, धोका वाढलेला.

"मले कॅन्सर झाला का?"

"नाही काकू."

"मंग होईल का?"

"माहीत नाही. होऊ शकते, नाहीही होणार."

"मंग हे मले कायले सांगितलं?"

राजूभाऊ गल्ल्यावरून म्हणाले, "काकू, पुढचं पॅकेज घ्या, त्याच्यात समजावून सांगतात." मला आयुष्यात खूपदा कोणाला तरी मारावंसं वाटलंय, पण त्या दिवशी फार वाटलं.

मी काकूंना सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. काही नव्हतं. दर वर्षी येत जा म्हणाल्या, नीट बसवून समजावलं. मग रिपोर्ट हातात धरून विचारलं, "हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मध्यंतरी बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "रोज आंघोळीच्या वेळी हात तिथेच जाते रे बाबू. दवाखान्यात वेळेवर जाऊन राहिलो, ते बरंच झालं. पण पयले मी गाणं म्हणत आंघोळ करो." आता सांगा, आम्ही त्यांचं भलं केलं की वाटोळं? मला खरंच कळत नाही.

०

आता ताईचं.

एक दिवस मामा दुकानात आला. दोन खोकी घेतली. म्हणाला, "एक शिल्पाचं, एक जावयाचं. शिल्पा दुकानात येऊन थुंकायला लाजते, अन् जावयाची ड्युटी आहे. मी घरोघरी जाऊन आणतो." जावई अजून झाला नव्हता, पण मामाच्या तोंडात झाला होता.

मला तेव्हाच खटकलं. ताई आणि लाजते? ती एसटीत कंडक्टरशी भांडून लोकांना जागा मिळवून देते!

दुसऱ्या दिवशी मामाने दोन्ही नळ्या भरून आणल्या, झाकणं लावून, नावं घालून. राजूभाऊने त्या कुरिअरमध्ये टाकल्या. रात्री जेवताना बाबा म्हणाले, "शिल्पाचं सॅम्पल गेलं."

ताईचा घास हातातच राहिला. "माझं? मी तं थुंकलीच नाही! माझी थुंकी कोणी थुंकली?"

"झालं ते. तू भात वाढ."

"बाबा, कोणाची होती?"

"घरचीच होती. साफ होती. तुले काय करायचं आहे?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आईने भाजीकडे पाहिलं. आमच्या घरात कठीण प्रश्न नेहमी भाजीपाशी संपतो.

मागच्या अंगणात ताई भांडी घासत होती. मी म्हटलं, "कंपनीला फोन करून सांगतो, सॅम्पल बोगस आहे."

"नको. फोननं काय होईल? दुसरी नळी मागवतील, दुसरं कोणी थुंकेल."

"मग?"

"ते लोक रविवारी येऊन राहिले ना रिपोर्ट ऐकायला? त्याच्या तोंडावर सांगीन. मंग हो म्हणो का नाही म्हणो. त्याले माहीत असलं पाहिजे, बस."

"आणि त्याने नाही म्हटलं तर?"

तिने कढई पालथी घातली. "तं नाही. विक्कीच्या मायसारखी दवाखान्यात बसण्यापरीस बरं."

०

रविवार. लाखनीचे पाहुणे आले. लाईनमन, त्याचा बाप, आई आणि आजा. आजा चांगला ताठ, पण बसल्या बसल्या डुलक्या घेणारा. पोहे झाले, चहा झाला. मामा दोन्ही घरांच्या मधे, खुर्चीच्या काठावर. जसा काही साक्षगंधाचा नवरदेव तोच!

रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आलेला. एक्स्पर्ट म्हणून वाचायला मलाच उभं केलं. ज्या बापाने मला आठवडाभर 'बिनकामाचा' म्हटलं, तोच म्हणाला, "वाच बाबू, मोठ्यानं वाच."

मी वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मलाच समजलं नाही.

"कंपनी म्हणते, रिपोर्ट देता येत नाही. दोन्ही सॅम्पल एकाच व्यक्तीचे आहेत."

मी स्क्रीन खाली सरकवली.

"आणि व्यक्ती पुरुष आहे. वय झालेला."

वय झालेला हे माझ्या पदरचं होतं. बाकी सगळं कंपनीचं.

बाबांनी पाहुण्याकडे पाहिलं. पाहुण्याने बाबांकडे पाहिलं. मग दोघांनी एकदमच मामाकडे पाहिलं. मामा छताच्या पंख्याकडे पाहत होता. पंखा बंद होता.

"कंपनीची चूक आहे," मुलाचा बाप म्हणाला.

"चूक? चोर आहे कंपनी!" बाबा म्हणाले. सोयरीक ठरण्याआधी दोन सोयरे इतक्या लवकर एकमताचे झालेले मी पहिल्यांदा पाहिले.

"या डीएनएच्या लफड्यात पडायचंच नव्हतं," मामा म्हणाला. "माणसं पाहा, घर पाहा. तारीख काढा अन् मोकळे व्हा!"

सगळ्यांनी माना हलवल्या. आईने बर्फी आणली. मला वाटलं, संपलं. झाकलं यांनी.

तेवढ्यात ताई बाहेर आली. सगळ्यांना जय भीम घातला, आणि एक खुर्ची ओढून बरोबर लाईनमनच्या समोर बसली. बाबा अर्धे उठले. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी त्या नळीत थुंकलीच नाही," ती म्हणाली. "तुम्ही थुंकले होते का?"

लाईनमनने बापाकडे पाहिलं. बापाने खोकला काढला.

"नाही," तो म्हणाला. "मामा म्हणाले, तुम्हाले कायले त्रास, मी पाहून घेतो."

"काहून? तुम्हाले थुंकायला काय हरकत होती?"

त्याच्या हातातल्या बर्फीचे तुकडे होऊन पँटवर पडले.

"शिल्पा, आत जा!" बाबा.

"माझं हाफ आहे," ताई म्हणाली. "सिकलसेलचं. म्हणून माझी नळी दुसऱ्यानं भरली. तुमची कायले भरली?"

लाईनमनची आई पदर तोंडाशी नेत म्हणाली, "अरे, बोलू नको."

पण तो बोलला. मान खाली घालून, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"माह्यं बी हाफच आहे."

म्हणजे बापाला डीएनए पाहिजे होतं ते फक्त ताईचं! ताई त्याच्याकडे पाहत होती, तो ताईकडे. आणि खरं सांगतो, इतके दिवस बोलणी चालू होती, पण त्या दोघांनी एकमेकांकडे नीट पाहिलं ते तेव्हाच.

तेवढ्यात आज्याची डुलकी मोडली. त्याने डोळे चोळले, सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि विचारलं,

"काय बे, सारे चूप काहून? जुळलं का नाही दोघांचं?"